पाट आणि पाटा

आई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात आम्ही भावंडांनी जुन्या घरातली भांडीकुंडी वाटून घेतली. घर नेवासे तालुक्यातले, मातीच्या भिंतींचे. घरात सागवानी पाट पाच होते. दोन थोरल्या भावाने ठेवले, दोन बहिणीने नेले, एक माझ्या वाट्याला आला. पितळी पराती, तांब्याचा बंब, समया, अडकित्ता, प्रत्येक वस्तूला धनी मिळाला. पाटा मात्र कोणी मागितला नाही. तो मागच्या अंगणात न्हाणीशेजारी दोन तुकडे होऊन पडला होता. वरवंटा तर सापडलाच नाही. मी ते तुकडे गाडीत घालू लागलो तेव्हा भाऊ म्हणाला, "अरे, धोंडे कशाला नेतोस?"

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे उशिरा सुचलेले उत्तर आहे.

पोटासाठी मी अठ्ठावीस वर्षे एका कारखान्यात फिटर होतो. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. वाचनालये, जुने कोश, उत्खननांचे अहवाल आणि लोकांची माजघरे एवढीच माझी शाळा. घरगुती अवजारांचा नाद मात्र जुना आहे. त्या नादातूनच पाट्याचा एक तुकडा आणि वाट्याला आलेला पाट यांची मिळून एक वस्तू घरी करायचे मी ठरवले. पंगतीच्या किंवा टेबलाच्या मधोमध ठेवायचा, चटणी, लिंबाच्या फोडी, कोशिंबिरीची वाटी ज्याच्यावर मांडता येईल असा वाढायचा पाट. खाली लाकूड, वर दगड. काम चार दिवसांचे वाटले होते. त्याला दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षात हाताने जे शिकलो आणि कोशांत, अहवालांत जे वाचले, ते एकमेकांना इतके लागून निघाले की वेगळे सांगता येणार नाही.

एका शब्दाची दोन भावंडे

पाट आणि पाटा हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'पट्ट' या शब्दाचे. पट्ट म्हणजे सपाट फळी, फरशी, पत्रा. ताम्रपट, शिलापट्ट, पाटी, पट्टी, पोळपाट ही सगळी त्याच गोतातली. गावच्या पाटलाचे नावसुद्धा जुन्या लेखांतल्या 'पट्टकिल' या शब्दाशी जोडतात. मूळ एकच असताना मराठीने त्याला लाकडाचा करून 'पाट' म्हटले आणि दगडाचा करून 'पाटा' म्हटले. पुढे या दोन भावंडांचे नशीब निराळे झाले.

पाट बसायचा. पाहुणा आला की पाट मांडायचा, पाण्याचा तांब्या ठेवायचा. जेवणाच्या तयारीलाच आपण 'पाटपाणी' म्हणतो. मान मोठा असेल तर पुढचे ताटही जमिनीवर राहत नसे. त्याच्याखाली चौरंग येई किंवा अडणी येई. अडणी म्हणजे ताट ठेवायची तिपाई. आज हा शब्द पुष्कळांना परका वाटेल. जमिनीपासून वस्तू जितकी उंच तितका तिच्यापुढे बसणाऱ्याचा मान, असा हा सरळ हिशेब होता. गणपती बसतो पाटावर, बटू बसतो पाटावर, नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी राहतात तीही पाटावर, आणि भाऊबिजेला भाऊ बसतो तोही पाटावरच.

पाटा या बैठकीत कुठेच नव्हता. तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा मागच्या पडवीत, जमिनीला टेकून. भाषेतही त्याच्या वाट्याला चांगले काही आले नाही. पाटावरून 'पाटपाणी' असा आतिथ्याचा शब्द झाला. पाट्याच्या जोडीदारावरून मात्र 'वरवंटा फिरवणे', म्हणजे सगळे सपाट करून टाकणे. ज्याने रोजचे जेवण घडवले त्याच्या नावाने विध्वंसाचा वाक्प्रचार रूढ झाला.

नेवाशाच्या टेकाडातले चार पाय

माझ्या गावापासून नेवासे जवळ. प्रवरेच्या काठी तिथे लाडमोड नावाचे टेकाड आहे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. संकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केले आणि १९६० साली त्याचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध झाला. तो मी पहिल्यांदा चाळला तो नाणी आणि रोमन मद्यकुंभांसाठी. पाट्यांच्या पानांवर मी थांबलोही नव्हतो. आईचा पाटा घरी आणल्यावर पुन्हा उघडला, तेव्हा मात्र नजर त्याच पानांवर गेली.

त्याआधीचे पाटे कसे होते ते घोड नदीकाठच्या इनामगावाने दाखवले आहे. तिथली ताम्रपाषाणयुगीन वस्ती साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली. तिथल्या घरांत दाणा दळायचे दगड होते ते बिनपायांचे, मध्ये झिजून खोगिरासारखे झालेले. एक दगड खाली, एक हातात, आणि मागेपुढे घासायचे. आईचा पाटा त्याच कुळातला. तीन हजार वर्षांत या कामाची हालचाल बदललेली नाही.

नेवाशाच्या सातवाहनकालीन थरांत मात्र एक निराळा नमुना दिसतो. पाट्याला खाली चार आखूड पाय, आणि ते वेगळे जोडलेले नाहीत; एकाच दगडातून कोरून काढलेले. चार पायांचा दगडी पाटा समोर ठेवला तर तो हुबेहूब बसायच्या पाटासारखा दिसतो. दगडाला पाय कोरणे हे किती कष्टाचे काम आहे ते टाकी हातात धरलेल्यालाच कळेल. दगड नुसता जमिनीवर ठेवला तरी वाटता येते. मग पाय कशाला? माझा अंदाज असा, की घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लाकडी पाट होता. ओल, माती आणि किडामुंगी यांपासून अन्न बोटभर वर राहावे ही सोय तर होतीच. पण लाकडाचा आकार दगडात उतरवण्याची ओढही त्यात दिसते. दोन भावंडे एकदा एकमेकांसारखी दिसत होती, ती अशी.

इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत आपल्याकडे फिरते जाते रुळले. संकलियांनी या जात्यांवर स्वतंत्र लेखनही केले आहे. हळूहळू दाणा जात्याकडे गेला आणि पाट्याकडे ओले काम राहिले: चटणी, वाटण, भिजवलेली डाळ, पुरण. जात्याला त्याचे गाणे मिळाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे मोठे धन दुसऱ्या कोणत्या घरगुती अवजाराच्या वाट्याला आले असेल असे वाटत नाही. पाट्यावर आईला गाताना मी कधी ऐकले नाही. वाटताना अंग पुढे झुकते, दम छातीत धरावा लागतो, आणि स्वयंपाकाची घाई असते.

याच नेवाशात ज्ञानदेवांनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे तो 'पैसाचा खांब' आहे. दुर्गा भागवतांनी त्यावर लिहिले आणि त्यांच्या 'पैस' या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नेवाशाचा तो दगड मराठी वाचकाला ठाऊक आहे, आणि तसा तो असलाच पाहिजे. त्याच गावच्या मातीतून निघालेले हे दुसरे दगड मात्र अहवालातल्या आकृत्यांपुरते राहिले.

अग्नीजवळचा दगड

पाट्याला पूर्वी मान नव्हताच असे मात्र म्हणता येत नाही. वैदिक यज्ञाची जी दहा 'यज्ञायुधे' सांगितली आहेत त्यांत सूप, उखळ, मुसळ यांच्यासोबत 'दृषद्' आणि 'उपला' ही जोडी आहे. दृषद् म्हणजे खालचा दगड, उपला म्हणजे वरचा. सरळ मराठीत, पाटा आणि वरवंटा.

लग्नातले अश्मारोहणही हेच सांगते. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे अग्नीजवळ जो दगड ठेवायचा त्याला 'दृषद्' असाच शब्द आहे. वर वधूला त्या दगडावर पाऊल ठेवायला लावतो आणि दगडासारखी स्थिर हो असे सांगतो. आपल्याकडे आज त्या जागी बहुधा सहाण ठेवतात. स्थैर्याचा आशीर्वाद म्हणून हा विधी सांगितला जातो आणि तो अर्थ खोटा नाही. पण वापरायला दगड कोणता निवडला हे पाहिले की दुसराही अर्थ लागतो. मंगलाष्टकांपुरती तिला पाटावर उभी करतात, आणि अग्नीच्या साक्षीने तिचे पाऊल पडते ते वाटायच्या दगडावर. पुढची चाळीस-पन्नास वर्षे ती कुठे बसणार हे तिथेच ठरून जाते.

बारशाला वरवंट्याला बाळासारखे गुंडाळून पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत फिरवतात, तेही याच माळेतले. दगड विधीपुरता घरचा मुलगा होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपऱ्यात जातो.

पाण्याने शुद्ध, रंध्याने शुद्ध

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचे नियम आहेत. दगडाचे पात्र, डाग-लेप नसेल तर, नुसत्या पाण्याने शुद्ध होते. लाकडाचे मात्र तासावे लागते. यातला वस्तूंचा अभ्यास अचूक आहे. घट्ट काळा दगड पाणी, तेल, रस काहीच शोषत नाही; धुतला की मोकळा. लाकूड शोषून घेते, वरून धुऊन उपयोग नाही, एक पापुद्रा काढावाच लागतो.

पण याच नियमाचा एक सामाजिक उपयोग झाला, तो मी आमच्याच अंगणात पाहिला आहे. पाटा गुळगुळीत झाला की वाटण घसरते, म्हणून वर्षातून दोनतीनदा त्याला टाकी लावावी लागे. 'टाकीऽऽ, पाट्याला टाकी' असे ओरडत एक वडारीण यायची. १८८५ च्या पुणे गॅझेटिअरमध्ये वडारांचे गाडी, जाते आणि माती असे भेद दिले आहेत. जाती घडवणारे ते जाते वडार. ती बहुधा त्यांतली. ती अंगणात बसायची. पाटा तिच्याकडे बाहेर जायचा. अर्धा तास टकटक चालायची, दगडावर बारीक ठिपक्यांची नक्षी उमटायची. ती गेली की आई पाट्यावर दोन बादल्या पाणी ओतायची आणि पाटा आत यायचा. दगड पाण्याने शुद्ध होतो! त्यामुळे तिने घरातल्या सगळ्यांत जास्त वापराच्या वस्तूला हात लावला तरी चालत होते. तिच्यासाठी कानतुटका कप मात्र वळचणीला वेगळा होता, आणि बसायला पाट कधीच नव्हता. लाकूड धुऊन शुद्ध होत नाही ना. ती जमिनीवर बसायची, पाट्याशेजारी. चहा मीच नेऊन द्यायचो. कपाला माझा हात लागू नये इतक्या उंचावरून ओतायला मला शिकवले होते आणि मी तसाच ओतला.

एकोणिसाव्या शतकात सहभोजनावरून मोठे वाद झाले. १८४९ साली निघालेल्या परमहंस मंडळीचे सभासद गुप्तपणे दुसऱ्या जातीच्या हातचे खात. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहाने केवढे ग्रामण्य उभे केले ते प्रसिद्ध आहे. त्या माणसांनी सोसले आणि त्याने वाट मोकळी झाली, यात शंका नाही. परंतु ते वाद बहुतेक पाटाचे होते, म्हणजे पंगतीला कोण बसणार याचे. पाट्यापाशी कोण बसणार हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. जोतीराव फुल्यांनी कुळंबिणीच्या राबण्यावर स्वतंत्र रचना केली, ती या थोड्यांतली एक. आमच्या घरी वडील आणि आम्ही मुलगे पाटावर जेवलो. आई आमच्यानंतर जेवायची, स्वयंपाकघरात, पाट्याच्या बाजूला, पोतेरे नाहीतर जुने गोणपाट अंगाखाली घेऊन. घरात पाच पाट असताना.

चूक आणि फट

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो.

पहिला प्रयत्न मी जुन्या वस्तूंवर केला नाही. बाजारातून सागाची नवी फळी आणली, ओट्याच्या कामातून उरलेला कडाप्प्याचा तुकडा घेतला. फळीत तुकड्याच्या मापाची खाच पटाशीने काढली, दगड घट्ट बसवला आणि रेझिनच्या गोंदाने पक्का केला. महिना श्रावणाचा होता. वस्तू देखणी झाली. पहिल्याच दिवशी तिच्यावर लिंबू चिरले आणि रात्रभर फोडी राहिल्या. सकाळी काळ्या दगडावर पांढुरके डाग. कडाप्पा, शहाबादी, संगमरवर हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड; लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर त्यांना खातात. आपल्या घरांतल्या ओट्यांवर हे डाग सर्वत्र दिसतात.

दुसरी शिक्षा चैत्रात मिळाली. एका दुपारी 'कट्' असा आवाज आला आणि खाचेच्या कोपऱ्यापासून फळीला दीड वीत चीर गेली. फिटर असून मी लाकूड लोखंडासारखे समजलो होतो. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. रेषेच्या लांबीत ते जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आकसते. वीतभर रुंदीच्या सागात पावसाळा आणि उन्हाळा यांत दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. लाकूड आकसले की त्यातली खाचही आकसते. दगड तसूभरही हलत नाही. मी दोघांना घट्ट बांधले होते, त्यामुळे एकाला फुटावेच लागले.

मग मी वाट्याला आलेला जुना पाट उलटा करून पाहिला. पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, अडतीस रुंद, तीन जाड. एकसंध फळी, चीर नाही. खालच्या दोन आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या. फळीत आतून रुंद, तोंडाशी अरुंद अशी आडवी खाच काढून पट्टी बाजूने सरकवलेली होती. फळी त्या पट्टीवर मागेपुढे सरकू शकते, निसटू शकत नाही. पाटाला लोखंडी खिळा नसावा असे आई सोवळ्याच्या भाषेत सांगायची. सुताराचे कारण हे होते.

वाड्याचे खांबही हेच सांगतात. लाकडी खांब दगडी तळखड्यावर नुसता उभा असतो. तळखडा जमिनीची ओल आणि वाळवी अडवतो, खांब वरचा भार देतो, आणि दोघांमध्ये चिकटवण असे काही नसते. जात्याचा लाकडी खुंटा ढिला झाला की चिंधी गुंडाळून ठोकायचा, कायमचा बसवायचा नाही. उलट, दगड फोडायचाच असेल तर खाणीत भोके पाडून कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि त्यांवर पाणी सोडायचे, ही पाथरवटांची जुनी रीत. फुगलेले लाकूड दगडाला दुभंगते. दगड आणि लाकूड एकत्र टिकवायचे तर मध्ये फट हवी, हे आपल्या कारागिरांना माहीत होते. मला एक फळी वाया घालवून कळले.

आईच्या पाट्याचा दगड इथलाच, घट्ट काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून दख्खन झाले, त्यातला. लिंबाच्या रसाने त्याला काही होत नाही. मी तीन दिवस थेंब ठेवून पाहिले. पण तो कापावा का, याचा निर्णय लवकर होईना. अवजारावरची झीज हाच त्याचा दस्तऐवज. म्हणून आधी मापे घेतली. मूळ पाटा पंचेचाळीस बाय सव्वीस सेंटिमीटर. कडेला जाडी साडेसहा, सर्वांत खोल जागी साडेचार. दर दोन सेंटिमीटरवर खोली मोजून आलेख काढला, फोटो घेतले. खळगा मधोमध नव्हता. आई बसायची त्या बाजूने पाहिले तर तो डावीकडे कललेला होता. आई डावखुरी होती. हिशेब केला तेव्हा झिजलेला दगड सुमारे सव्वा किलो भरला. काही टाकीबरोबर उडाला असेल. उरलेला आम्ही चटणीतून, पुरणातून खाल्ला.

शेवटी ठरवले, की झिजलेल्या पृष्ठभागाला हात लावायचा नाही. मोठ्या तुकड्यात खळगा जवळजवळ पूर्ण होता. ग्रॅनाइट कापणाऱ्या एका कारागिराकडून त्याच्या कडा सरळ केल्या आणि बुडाकडून अडीच सेंटिमीटर उतरवले. पाणी सोडत, तोंडाला फडके बांधून. दगडाची धूळ छातीत जाणे हा या धंद्यातला जुना शाप आहे. चोवीस बाय वीसचा, सव्वाचार किलोचा तुकडा हाती आला. लहान तुकडा मी आहे तसा ठेवला आहे.

भाद्रपदात, लाकूड फुगलेले असताना, पाटात सव्वा सेंटिमीटर खोल खाच काढली. रेषेच्या दिशेला अर्धा मिलिमीटर मोकळीक, आडव्या दिशेला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिलिमीटर. गोंद नाही. दगड नुसता ठेवायचा. उचलून पाण्याने धुता येतो. लाकडाला जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, प्रत्येक हात आठ दिवस सुकवून. खोबरेल लावू नये. ते सुकत नाही, चिकट राहते आणि खवट होते. पुढच्या चैत्रात फटी मोजल्या. दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर उरला होता. चीर नाही.

भाऊबीज

गेल्या भाऊबिजेला सगळे आमच्याकडे होते. १९६०च्या दशकात मिक्सर आले, मग उभ्याने करायचे ओटे, मग टेबले. पाट आणि पाटा दोन्ही आमच्या पिढीने बाजूला सारले. पाट निदान गणपतीसाठी उरले. त्या दिवशी टेबलाच्या मधोमध हा वाढायचा पाट ठेवला. आईच्या डाव्या हाताने पडलेल्या खळग्यात लसणाची चटणी. ज्याने त्याने हाताने घ्यायची, त्यामुळे वाढायला कोणी उभे राहिले नाही. बायको, वहिनी, बहीण सगळ्या एकाच वेळी बसल्या. भावाने दगडावरून बोट फिरवले आणि विचारले, "हा कुठला?" मी सांगितले. तो काही बोलला नाही; चटणी मात्र दोनदा घेतली. एका फळीने पन्नास वर्षांची पंगत दुरुस्त होत नाही, हे मला कळते. आईला आता पाट मांडता येत नाही.

वाचकांना एक विनंती करतो. अंगणात, गच्चीत, जिन्याखाली पाटा पडला असेल तर टाकण्यापूर्वी चार गोष्टी लिहून ठेवा: लांबी-रुंदी, मधली आणि कडेची जाडी, खळगा कोणत्या बाजूला आहे, आणि त्यावर कोणाकोणाच्या हातांनी वाटले. पाचवी गोष्ट जमली तर पाहा, त्याला टाकी कोण लावत असे. आमच्या पाट्याची नोंद मी अशी केली आहे. पाचव्या रकान्यासाठी भावाला विचारले, बहिणीला विचारले, गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारले. वीस वर्षे ती आमच्या अंगणात येत होती. तिचे नाव कोणालाच सांगता आले नाही.